लँग्विड हातांनी

३ मार्च

निवांतराव,

लहान भावाला पत्र लिहायचं म्हणजे सुरुवातीला आशीर्वाद द्यायचा असतो. नऊ वर्षं न बोललेल्या भावाला काय द्यायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून बाबांनी ठेवलेल्या नावानेच हाक मारते आहे. राग आला तर येऊ दे. चिडून का होईना, उत्तर लिही.

पत्र कामाचं आहे. आमच्या कोशाची नवी आवृत्ती निघते आहे. शाळेतल्या मुलांसाठीचा तो जाडजूड इंग्रजी कोश, ज्यात प्रत्येक शब्दाखाली आपल्या भाषेतला अर्थ असतो आणि शब्द कसा वापरायचा ते दाखवणारं एक वाक्य असतं. ती वाक्यं लिहिण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. आता सगळी वाक्यं पुन्हा तपासायची आहेत. जे बदलायचं ते ३१ मार्चच्या आत, त्यानंतर पानं छापखान्यात जातील. 'एल' हे अक्षर माझ्याकडे आहे.

मी कुठल्या वाक्याबद्दल बोलते आहे ते तुला कळलं असेलच. शब्द लँग्विड. अर्थ आम्ही दिलाय: संथ, सुस्तावलेला, अंगात घाई नसलेला. खाली वाक्य आहे: 'आत रडारड सुरू झाली होती आणि तो लँग्विड हातांनी फाटकाची कडी लावत होता.' छापलंय ते अर्थात इंग्रजीत, पण तुझ्या मुलीने तुला ते असंच करून सांगितलं असणार. तेव्हा ती सहावीत होती ना? अभ्यास करता करता तिने वाचलं आणि चार दिवसांनी मला तुझं कार्ड आलं. 'ताई, कोशातलं वाक्य वाचलं. फाटक ओळखलं.' बस, एवढंच. त्यानंतर तू आला नाहीस की लिहिलं नाहीस. फोन केला की तुझी बायको गोड आवाजात सांगायची, ते कामात आहेत. नऊ वर्षं कामात आहेस म्हणजे गावातल्या सगळ्या वेताच्या खुर्च्या विणून झाल्या असतील.

तर प्रश्न साधा आहे. वाक्य ठेवू की काढू? काढायचं असेल तर एका कार्डावर 'काढ' एवढं लिहून टाक, मी काढते. त्यात काय एवढं.

आई बरी आहे. आम्ही त्याच घरात आहोत, फाटकही तेच आहे, फक्त गंजलंय. आईला ब्याऐंशीवं लागलं. गुडघे बोलतात, कान अजून शाबूत आहेत. तू विणलेल्या तिच्या वेताच्या खुर्चीची बैठक मधून खाली गेली आहे. मी तिच्यावर फळी टाकून उशी ठेवली आहे. दुसऱ्या कारागिराकडे देते म्हटलं तर म्हणाली, 'हात लावायचा नाही.' घरात तुझं नाव काढू देत नाही आणि तुझी खुर्चीही हलवू देत नाही. यातून काय तो अर्थ तूच काढ.

तू एकदा येऊन जावंस असं मला वाटतं. ती आहे तोवर. हे कामाच्या पत्रात बसत नाही, पण लिहून टाकलं.

ताई

१० मार्च

निवांतराव,

आठवडा झाला. तुझ्या चालीने म्हणजे तू अजून पाकीट उघडायला कात्री शोधत असशील.

तोवर मी माझ्या बाजूने खटपट करून पाहिली. म्हटलं, तू उत्तर देईपर्यंत दुसरं वाक्य तयार ठेवू. पण आमच्या मुख्य संपादकांचा नियम तुला माहीत नसेल. वाक्य पुस्तकातून उचललेलं चालत नाही, मनातून काढलेलंही चालत नाही. डोळ्यांनी पाहिलेलं पाहिजे. प्रत्येक वाक्य एका कार्डावर लिहायचं आणि कार्डाच्या मागे नोंद करायची, कुठे पाहिलं आणि कधी पाहिलं. त्यामुळे सत्तावीस वर्षांत आपलं अख्खं घर त्या कोशात जाऊन बसलं आहे. बाबांचं घोरणं 'एस'मध्ये आहे. आई झिजलेली साबणाची चकती नव्या साबणाला चिकटवते ते 'टी'मध्ये, काटकसर या अर्थाने. माझा नवरा 'ओ'मध्ये आहे, हटवादी या अर्थाने, आणि त्याला अजून पत्ता नाही. घरच्या माणसांना असं पकडून छापायचं ही आमच्या धंद्यातली खोड आहे. बाहेर पाहायला वेळ कुणाला असतो?

मी लिहिलं, 'पंख्याखाली मांजर लँग्विड पसरलं होतं.' संपादक म्हणाले, 'मांजर कुणाचं?' मी म्हटलं, 'कुणाचंच नाही.' म्हणाले, 'मग खोडा.' मग मी उन्हाळ्यातली नदी आणली. म्हणाले, 'बाई, तुम्ही नदी शेवटची कधी पाहिलीत?' मी नदीही खोडली.

मग त्यांनी मला पुन्हा तो शब्द समजावून सांगितला, जसा दहा वर्षांपूर्वी सांगितला होता. म्हणाले, 'आळशी माणसाला काम नको असतं. या शब्दातल्या माणसाला काम चालतं, घाई चालत नाही.' त्यांनी तुला कधी पाहिलेलं नाही, पण मला मागच्या व्हरांड्यात बसलेला तू दिसलास. शेजारी बादली, बादलीत भिजत घातलेला वेत, मांडीवर बैठक नसलेली खुर्ची. एक पट्टी ओवायची, खुंटी मारायची, मग लांबून बघायचं. बाबा येरझारा घालत म्हणायचे, 'निवांतराव, ही खुर्ची गिऱ्हाइकाला मिळणार की त्याच्या नातवाला?' आणि तू मान वर न करता म्हणायचास, 'ओला वेत ताणून बसवला की वाळल्यावर तुटतो, बाबा. थोडा सैल ठेवायचा. तो आपला आपण ताठ होतो.' मग ते विषय बदलून ओरडायचे, 'आणि फाटकाची कडी कोण लावणार? रस्त्यावरची कुत्री बाग उकरतायत.' कारण तू कधीही आलास तरी फाटक सताड उघडं टाकून यायचास.

मला ते भिंगरी म्हणायचे. कौतुकाने म्हणायचे असं मला वाटायचं. मी तुझ्याशी आयुष्यभर तीनच शब्द बोलले असेन: चल, आटप, लवकर.

एकवीस दिवस उरलेत. काढू की ठेवू, कळव.

ताई

१७ मार्च

निवांतराव,

तुझं उत्तर नाही, पण आज दुसरीकडून प्रश्न आला.

आमच्याकडे वाक्यं तपासायला एक नवी बाई आली आहे. चष्मा कपाळावर ठेवते आणि चष्मा शोधते. तिचं खरं नाव आता कुणी घेत नाही, सगळे शंकाबाई म्हणतात. माझं ते कार्ड तिने पेन्सिलीने लिहून परत पाठवलं. तिचं म्हणणं असं: 'त्याला आत काय झालंय ते माहीत होतं का? माहीत असेल तर हा शब्द त्याचा कोरडेपणा दाखवतो. माहीत नसेल तर तो नुसता फाटक लावणारा माणूस आहे, आणि शब्द भलत्याच माणसाला चिकटवलाय.'

मी तिच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, 'माहीत असणारच.'

तिने कार्ड उलटं केलं. मागे माझ्याच अक्षरात नोंद आहे, 'घरी, खिडकीतून, स्वतः पाहिलं' आणि खाली बाबा गेले ती तारीख. ती तारीख कुणाची हे तिला ठाऊक नाही. तिने सरळ विचारलं, 'त्याला कुणी कळवलं होतं?'

'मी.'

'काय कळवलं होतं?'

मी म्हटलं, चहाची वेळ झाली. आणि निघून आले. चहा घेतला नाही. डबाही तसाच परत आणला, तर आईने झाकण उघडून पाहिलं आणि भाजी गरम करायला ठेवली.

तो दिवस तुला वेगळा सांगायला नको. बाबा सात महिने अंथरुणाला होते. आदल्या दिवशी मी तुला फोन केला होता. आपण काय बोललो ते तुला आठवत असेल, नसेल आठवत तर फारच बरं. दुसऱ्या दिवशी साडेअकराला ते गेले. वीस मिनिटांनी मी खिडकीशी उभी होते आणि तू फाटकात होतास. पाठ आमच्याकडे, पिशवी खांद्यावर, आणि तू कडी लावत होतास. ज्या माणसाने जन्मात कधी फाटक लावलं नाही तो त्या दिवशी सावकाश कडी लावत होता. तू आत आलास तेव्हा आई सगळ्यांसमोर म्हणाली, 'आजसुद्धा तुला घाई करता आली नाही?'

तू तिच्याकडे पाहिलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंस. बराच वेळ.

आज एवढंच लिहवतं आहे.

ताई

२० मार्च

तीन दिवस शंकाबाईला चुकवते आहे. ती जिन्याने आली की मी लिफ्टने जाते. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी हे शोभत नाही.

म्हणून आता लिहिते. तुला ठाऊकच आहे, पण माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असायला हवं.

आदल्या दिवशी सकाळी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, 'ज्यांना बोलवायचंय त्यांना आजच बोलवा.' आई आत होती, तिने ऐकलं नाही. मी फोन करायलाच संध्याकाळ केली. भिंगरी म्हणवून घेणारी मी, दिवसभर फोनच्या आजूबाजूला फिरत राहिले. आणि शेवटी फोन लावला तेव्हा म्हणाले, 'बाबा तसेच आहेत. घाई नाही. सावकाश ये, दोन-तीन दिवसांनी आलास तरी चालेल.'

का म्हणाले ते सांगते. मला तुझा हेवा वाटत होता. सात महिने मी त्यांना कुशीवर वळवत होते, भरवत होते, पुसत होते, ऑफिस सांभाळून. आणि ते दर तासाला विचारायचे, 'निवांतराव आले का?' माझं नाव एकदाही नाही. आता कळतं, समोर असलेल्या माणसाला कोण हाक मारतं? तेव्हा नाही कळलं. मला वाटलं, दोन दिवस तरी त्यांनी फक्त माझं असावं. एकदा तरी भिंगरी म्हणावं. दोन दिवस मिळतील असं मी धरून चालले होते. एकसुद्धा पुरता मिळाला नाही, आणि शेवटपर्यंत त्यांनी तुलाच विचारलं.

आई तुला बोलली तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. तू माझ्याकडे बघत होतास आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघत होते. तूही काही बोलला नाहीस. ताईनेच सावकाश ये म्हणून सांगितलं होतं, एवढं तू म्हणाला असतास तर मी काय केलं असतं कोण जाणे. बहुतेक नाकबूल केलं असतं. मी सांगितलं होतं त्यापेक्षा तू एक दिवस आधीच आलास, हे अकरा वर्षांत मी एकदाही मोठ्याने म्हटलेलं नाही. उलट घरात जो येईल तो तुझ्या संथपणावर बोलायचा आणि मी मान हलवायचे.

पुढच्या वर्षी 'एल' माझ्या टेबलावर आला. तो शब्द समोर आला आणि हात आपोआप चालला. लिहून झाल्यावर मला बरं वाटलं, हेही कबूल करते. छापलेल्या गोष्टीवर माणसांचा विश्वास बसतो. उशीर तुझा होता यावर माझाच विश्वास बसायला हवा होता.

मी चुकले. तुझ्याकडून बाबांचा शेवट मी काढून घेतला आणि वर तुझ्या नावाने शब्द लावला. माफ कर असं म्हणायची माझी ऐपत नाही, पण म्हणते.

ताई

२४ मार्च

निवांतराव,

आईला सांगितलं. तुला लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

दुपारची वेळ होती. ती मटार सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसून सोलायला लागले आणि सोलता सोलताच सांगितलं, म्हणजे तिच्या डोळ्यांत बघायला नको. ती थांबली नाही. शेंगा संपल्या, टरफलं कागदात गोळा झाली, मग म्हणाली, 'म्हणजे तो लवकर आला होता.'

'हो.'

'तो तेव्हा तुझ्याकडे बघत होता. मला वाटलं, पाणी मागतोय. मी म्हटलंसुद्धा तुला, त्याला पाणी दे.'

'हो.'

'तू दिलंस.'

'हो.'

'आणि तो मुकाट्याने प्यायला,' ती म्हणाली आणि टरफलांचा कागद घेऊन उठली.

मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जावयाशी बोलायची, कामवालीशी बोलायची, एकदा तर माझ्यादेखत बाहेरच्या कुत्र्याशी बोलली. मी काही म्हणायच्या लायकीची नव्हते. आज सकाळी तिने खुर्चीवरची उशी काढली, फळी काढली आणि फळी माझ्या हातात दिली. 'ही माळ्यावर टाक. तो आला की बघेल.' मी विचारलं, तुझ्या वतीने त्याला काही लिहू का. तर म्हणाली, 'मी त्याला सगळ्यांसमोर बोलले. परत घ्यायचं तर त्याच्या तोंडावर घेईन. पत्रातून नाही.' आणि त्या खोलगट खुर्चीत जाऊन बसली. आता बसली की तिला एकटीला उठता येत नाही. मी हात देते, तो घेते.

वाक्य मी आज खोडलं. शंकाबाईला सांगितलं की त्याला काहीही माहीत नव्हतं, शब्द भलत्याच माणसाला लागलाय. तिने पेन्सिलीचा प्रश्न पुसून टाकला आणि मला चहा पाजला. शब्दाखाली आता काही नाही. संपादक म्हणतात, सत्तावीस वर्षांत एकही शब्द वाक्याशिवाय गेलेला नाही, ३१ पर्यंत थांबतो. मी नवं काही लिहिणार नाही. लिहायचंच असेल तर तू लिही. नसेल तर नको.

पण ये. तिचं तुझ्याशी बोलायचं राहिलंय, आणि माझा आता त्यात अडथळा नाही.

ताई

२७ मार्च

ताई,

पत्रं सगळी मिळाली. पहिल्याचं उत्तर लिहायला घेतलं तर दुसरं आलं. दुसऱ्याचं घेतलं तर तिसरं. म्हटलं, तू थांबलीस की लिहू. हे पत्र ३१ च्या आत पोचावं म्हणून मुलगी स्वतः टाकायला निघाली आहे. दारात उभी आहे. ती तुझ्यावर गेली आहे.

फोनचं आधी. तू मला जन्मात कधी सावकाश ये म्हणाली नव्हतीस. त्या दिवशी म्हणालीस. मी फोन ठेवला आणि बायकोला म्हटलं, बाबांचं काही खरं नाही, ताई सावकाश ये म्हणते आहे. शेवटची बस गेली होती. दुसऱ्या दिवशीची पहिली धरली. तेव्हा तू मला थांबवलंस असं मनात आणू नकोस. तू सकाळी फोन केला असतास तर भेट झाली असती, ते खरं आहे. ते मला लागलं, आत्ता वाचूनही लागलं. पण तेही आता जुनं झालं.

मी तुझ्याकडे बघत होतो ते तू काही सांगशील म्हणून नाही. सात महिन्यांत तू केवढी वाळली होतीस ते बघत होतो. तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. मला वाटलं, ही सात महिने इथे होती, आपण नव्हतो, आता आपण काय बोलायचं.

तुमच्या त्या बाईंना सांग, त्याला माहीत होतं. आईचा आवाज कोपऱ्यावरूनच आला. मी फाटकापाशी आलो आणि पाय पुढे जाईना. आत गेलो की ते खरं होणार होतं. बाबा नेहमी ओरडायचे, कडी लाव. म्हटलं, आज लावू. लावली, परत काढली, परत लावली. तीनदा केलं. हातात जोर नव्हता. पाठीमागे खिडकी आहे हे लक्षात नव्हतं. मुलीने वाक्य वाचलं तेव्हा कळलं की तू बघितलं होतंस. बघून तुला तो निवांतपणा वाटला, एवढ्याचंच वाईट वाटलं. बाकी कशाचं नाही. नऊ वर्षं फार झाली, ते माझं चुकलं. आज लिहू, उद्या लिहू करता करता गेली.

वाक्य काढू नकोस. शब्द बरोबर आहे, हात तसेच झाले होते. फक्त त्याला माहीत होतं, एवढं त्यात येऊ दे. कसं आणायचं ते तुझं काम. कार्डाच्या मागे माझंही लिही, बाहेरून पाहिलं म्हणून.

शनिवारी पहिल्या बसने येतो. वेत घेऊन येतो. आईच्या खुर्चीला चार दिवस लागतील, पाचही लागतील. तोवर तिला स्टुलावर बसायला सांग. आणि तू दर तासाला येऊन झालं का म्हणून विचारू नकोस.

निवांतराव